ड्युरियन पहिल्यांदा खाल्ला तेव्हा…

ड्युरियन या काटेरी फळाचं नाव काढलं की दोनच गोष्टी ऐकू येतात. 'शी, काय तो वास!' आणि 'आपल्या फणसासारखाच ना?' वासाचं खरं आहे, फणसाचं नाही. फणस वड-उंबराच्या कुळातला, तर हा कापूस-भेंडीच्या. ज्यांनी खाल्लाय त्यांनी पहिल्या वेळचं लिहा. नावडला असेल तर तेही मनापासून लिहा.

सुरुवात मी करते. सिंगापूरला नवीन होते. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, धूम्रपानबंदीच्या शेजारी ड्युरियनबंदीचं चित्र रोज दिसायचं. जुलैत शेजारच्या चिनी आजी मला गेलांग भागातल्या ड्युरियनच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने जाड हातमोजा चढवला, फळ कानाशी धरून हलवलं, देठाशी हुंगलं आणि शिवणीत सुरी खुपसून पिळली. आत पांढऱ्या खोबणीत हळदी रंगाचे गरे. वरची साय पातळ, जराशी सुरकुतलेली. आतला गर आटवलेल्या रबडीहून दाट. आजींनी आधी सौम्य गोड जात दिली आणि मग मुसांग किंग. त्याचा शेवटचा कडवटपणा जिभेवर बराच वेळ राहिला. तिथेच मी दुसरा गरा मागून घेतला. नंतर सालीच्या खोबणीत पाणी ओतून त्यात हात धुवायला लावले. त्याने बोटांचा वास जातो, असं तिथे सगळेच मानतात.

——

आम्ही रत्नागिरीकडचे. बाबांना मलेशियात पेनांगला बालिक पुलाऊच्या बागेत नेलं होतं. तिथे फळ काढत नाहीत, पिकून आपोआप पडू देतात. झाडांखाली जाळी बांधलेली. रात्री पडलेलं सकाळी खायचं. बाबांनी दोन गरे खाल्ले, काही बोलले नाहीत, बिया मात्र रुमालात बांधून घेतल्या. आठळ्या टाकायची सवयच नाही! खोलीवर मीठ घालून उकडल्या, तर बुळबुळीत झाल्या. "भेंडीचा भाऊबंद खरा," म्हणाले आणि सगळ्या संपवल्या.

——

मला नाही आवडला. पुण्यात गोठवलेलं पाकीट आणलं. उघडल्यावर कुजक्या कांद्यासारखा गंधकी दर्प आला, फ्रीजमधलं लोणीसुद्धा टाकावं लागलं. गर गार आणि दोरदोर. पण वरचं वाचून वाटतंय, ताजा मिळाला तर पुन्हा खाईन.

——

बँकॉकमध्ये मोनथोंग जातीचा ड्युरियन खाल्ला. थायलंडात फळ पूर्ण पिकायच्या आधी झाडावरून उतरवतात, त्यामुळे वास सौम्य. ज्यांना भीती वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी.

——

माझं थोडं वेगळं आहे. कोइमतूरला होतो, लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं. कुन्नूरच्या वाटेवर बुरलियारला सरकारी फळबागेत ड्युरियनची झाडं आहेत. हे फळ खाल्लं की मूल होतं, अशी त्या भागात श्रद्धा आहे. शेजारच्या अक्का न सांगता पहाटेच्या बसने गेल्या आणि गोणपाटात गुंडाळून एक फळ घेऊन आल्या. काट्यांनी हात ओरबाडलेले. फळाने मूल झालं नाही. चवही आता नीट आठवत नाही. पण अक्कांनी स्वतः एकही गरा घेतला नाही. सगळे आम्हा दोघांनाच खायला लावले, आणि आमचे संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.