नळी लागली म्हणजे ऑपरेशनच, असं नाही

प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्यांबद्दल 'एकदा लघवी तुंबून नळी घालावी लागली की ऑपरेशनशिवाय सुटका नाही' असं इथल्या चर्चेत कुणी लिहिलंय, ते सरसकट खरं नाही. पहिल्यांदाच तुंबली असेल आणि किडनी ठीक असेल, तर युरॉलॉजिस्ट बहुतेकदा टॅमसुलोसिनसारखी, मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी गोळी सुरू करतात आणि दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघतात. बऱ्याच जणांना त्यानंतर आपली आपण लघवी होते. पुन्हा पुन्हा तुंबत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा किडनीवर ताण येत असेल, तर मात्र टीयूआरपी (लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेटचा अडथळा काढायचं ऑपरेशन) टाळत बसू नये.

पण मुळात तुंबली कशामुळे, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही. माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास होता, पण रात्री उठावं लागायचं तेवढंच. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून साधी गोळी आणून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थेंबही होईना. वेदनेने कळवळत होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचाच. आपल्याकडे सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्याने मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, दुसऱ्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो. आधीच वाट अरुंद, त्यात हे दोन्ही एकदम! सर्दीची असो, खाजेची असो की प्रवासात उलटी होऊ नये म्हणूनची, प्रोस्टेट वाढलेल्यांनी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. घरात कुणाला हा त्रास असेल तर औषधांचा डबा आजच उघडून बघा.