मदत हवी आहे: माजी विद्यार्थ्याचं शिफारसपत्र जोडावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक यंदा मेडिकल स्कूलला अर्ज करतेय. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) झाली, विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं ठरली. आता आमच्या ह्यांचे एक मित्र, तिला हव्या त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, म्हणतात, "मी देतो की पत्र!" पण त्यांची-तिची ओळख गणपतीच्या आरतीपुरती. एएमसीएएसमध्ये (मेडिकल स्कूल्सना एकत्र अर्ज करायची ऑनलाइन सेवा) १० पर्यंत पत्रं चालतात, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. पण ज्यांनी तिला शिकवलं नाही, तिचं काम पाहिलं नाही, त्यांच्या पत्राला प्रवेश समिती किंमत देते का? की उलट वशिला वाटतो? लेकीला ते नकोच आहे, ह्यांना नाही म्हणवत नाही. कुणाच्या मुलांनी असं पत्र जोडलं होतं का? आणि काकांना न दुखावता टाळायचं कसं, तेही सुचवा!