ईमॅक्सचं व्हीसी: 'मॅन्युअल वाचा' म्हणणाऱ्यांसाठी

सातपूरची_शिफ्ट:
व्हीसी म्हणजे ईमॅक्स या एडिटरमधली, गिटसारख्या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनांशी बोलणारी सोय. काल इथे एकाने लिहिलं, 'व्हीसी कळत नाही म्हणणारे मॅन्युअल उघडतच नाहीत.' उघडलं हो, दोनदा. कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबलं की 'पुढचं योग्य काम' होतं म्हणे. योग्य कुणाच्या हिशेबाने? फाइल गिटमध्ये नसेल तर ती नोंदवली जाते, बदललेली असेल तर कमिटचा, म्हणजे नवी आवृत्ती नोंदवण्याचा, संदेश लिहायला बफर (नवं पान) उघडतो, आरसीएस हे जुनं साधन असेल तर लॉक लागतं. बटण एक, कामं तीन. मला एवढंच हवंय की डिस्कवरच्या माझ्या फाइलचं काय होतं ते आधी सांगा.

आणि माझी जखम. फोल्डरमध्ये गिट इनिट केलं, म्हणजे गिट सुरू केलं, फाइली कमिट केल्या, मग तीन आठवडे कमिट नाही. एका रात्री शिफ्टवरून येऊन स्क्रिप्टचं वाटोळं केलं, सेव्ह केलं, ईमॅक्स बंद. सकाळी टिल्डेवाली (~) फाइल, म्हणजे ईमॅक्सने ठेवलेली जुनी प्रत, शोधतोय तर ती नाहीच! गिटमधल्या फाइलचा बॅकअप ईमॅक्स मुळात करतच नाही.

मखमलाबादचा_म्हातारा:
बॅकअपच्या प्रकरणात लिहिलंय ते. तीन आठवडे कमिट न करणाऱ्याला मॅन्युअल काय करणार? व्हीसी १९९२चं, गिट २००५चं. लॉकच्या जमान्यातली भाषा त्यात राहणारच.

सातपूरची_शिफ्ट:
गिट इनिट करताना बॅकअपचं प्रकरण कोण उघडतं काका? गंगापूर धरणाची सूचना त्र्यंबकच्या पाटीवर लावल्यासारखं झालं.

निफाडची_बाग:
तुमचं ते राहू द्या. माझ्या फाइलचं नाव 'द्राक्ष-फवारणी'. टर्मिनलमध्ये गिट स्टेटस केलं (काय बदललं ते बघितलं) की नावाच्या जागी \३४०\२४४\२४६ असलं काहीतरी. मला वाटलं डिस्क गेली!

मखमलाबादचा_म्हातारा:
गिटची कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा. आणि फाइलींना मराठी नावं देऊच नका.

निफाडची_बाग:
का नको? 'ग्रेप_स्प्रे_फायनल_२' ठेवू का? हिशेब बाप मराठीत लिहीत आला, मी पण मराठीतच लिहिणार.

कॉलेजरोड_कट्टा:
काकांचं बरोबर आहे. आमच्या ऑफिसात एकाने देवनागरी नावाची फाइल टाकली आणि बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करायचं काम, बसला. अर्धा दिवस गेला.

निफाडची_बाग:
मग बिल्ड दुरुस्त करा, भाषा नको. बँकेत इंग्रजीत सही करा म्हणणारे तुम्हीच ना?

कॉलेजरोड_कट्टा:
आता बँक कुठून आली! धागा व्हीसीचा आहे.

मखमलाबादचा_म्हातारा:
बरं बाबा, नावं मराठीत ठेवा, माझी हरकत संपली. आणि सातपूरकर, बॅकअपची ओळ व्हीसीच्या पहिल्या पानावर हवी होती, मान्य. खूश? व्हीसी-मेक-बॅकअप-फाइल्स ही सेटिंग टी (म्हणजे चालू) करा आणि झोपा.

सातपूरची_शिफ्ट:
केलं. पण आता डॉटफाइल (टिंबाने सुरू होणारी सेटिंगची फाइल) उघडली की ईमॅक्स 'सिमलिंक आहे, मूळ फाइलकडे जाऊ का?' विचारतो. सिमलिंक म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारं नाव. हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय?

मखमलाबादचा_म्हातारा:
हो म्हणा. नाही म्हटलंत तर लिंकच्या नावानेच एडिट कराल आणि व्हीसी बाजूला राहील. हेही मॅन्युअलमध्ये आहे.

सातपूरची_शिफ्ट:
असेलच!!

निफाडची_बाग:
काका, ते कोटपाथ चाललं. नाव नीट दिसतंय. ऑक्टोबर छाटणीनंतरचं डाऊनीचं (द्राक्षावरच्या रोगाच्या फवारणीचं) वेळापत्रक त्याच फाइलमध्ये आहे, कुणाला हवं असेल तर टाकतो.