शेक, किरणोपचार की रेडिएशन?

गिरणगाव: परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी येणाऱ्यांकरता मराठी माहितीपत्रक करतो आहे. रेडिएशनला सगळे ‘शेक’च म्हणतात. “आईचे पंचवीस शेक झाले,” असं. छापताना ‘शेक’ ठेवावा की ‘किरणोपचार’ लिहावं?

शब्दवेडी: शेक म्हटलं की शेगडी, शेकोटी, बाळंतिणीचा शेक. उष्णता त्या शब्दात मुरलेलीच आहे, आणि या उपचारात नेमकी तीच नाही. एका वेळच्या २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रेने अंगाचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. किरण पेशींमधला डीएनए तोडतात. दोन-तीन आठवड्यांनी कातडी लाल-काळसर पडते ती या इजेमुळे. ‘शेकाने भाजलं’ असं समजून लोक बर्फ धरतात, हळद-तेलाचा लेप लावतात. बर्फाने नाजूक झालेली कातडी आणखी दुखावते. लेप घासून काढताना किरणांची जागा दाखवणाऱ्या शाईच्या खुणा पुसल्या जातात, मग जागा पुन्हा आखावी लागते. म्हणून मथळ्यात ‘किरणोपचार’ आणि पहिल्याच ओळीत ‘ज्याला आपण शेक म्हणतो तो’ असं लिहा. शेक गाळलात तर निम्म्या लोकांना पत्रक आपल्यासाठी आहे हेच कळणार नाही.

ट्रॉम्बे: सहमत. फक्त ‘किरणोत्सर्गी उपचार’ लिहू नका, वर्तमानपत्रं ती चूक नेहमी करतात. विजेवर किरण तयार करणाऱ्या लिनॅक यंत्रात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. यंत्र बंद केलं की किरण बंद. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भाभाट्रॉन या किरणोपचार यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो, पण तोही यंत्रातच राहतो. बाहेरून किरण घेऊन घरी आलेल्या आजीने नातवाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. थायरॉइडसाठी दिलेलं आयोडीन-१३१ वेगळं. ते पोटात जातं, त्यामुळे तिथे काही दिवस अंतर राखावंच लागतं.

गिरणगाव: आणि ‘फ्रॅक्शन’ला, म्हणजे एका वेळी दिलेल्या उपचाराला, काय म्हणू? ‘हप्ता’ चालेल?

शब्दवेडी: मुंबईत हप्ता म्हणजे आठवडा. ‘पंधरा हप्ते’ वाचून माणूस चार महिन्यांची खोली बघेल! ‘खेप’ बरा.

ट्रॉम्बे: खेप आवडला. पण खेपेबरोबर मात्राही लिहा, नाहीतर नवं संशोधन लोकांना काटकसर वाटतं. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी सर्रास ५० ग्रे २५ खेपांत देत, म्हणजे पाच आठवडे. आता बऱ्याच जणींना ४० ग्रे १५ खेपांत देतात. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत २६ ग्रे पाच खेपांत, एका आठवड्यात दिले. २०२० साली आलेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत गाठ आटोक्यात ठेवण्यात ते १५ खेपांपेक्षा कमी पडले नाहीत. “शेजारणीला पंचवीस, मला पंधराच का?” याचं उत्तर इथे आहे: प्रत्येक खेपेची मात्रा २ वरून सुमारे २.६७ ग्रेवर गेली. कोकणातून येऊन धर्मशाळेत राहणारीचे दोन आठवडे वाचतात, ही लहान गोष्ट नव्हे. कोणाला किती खेपा, हे अर्थात डॉक्टरच ठरवतात.

शब्दवेडी: ‘एखादा शेक चुकला तर चालतं’ हेही ठळक अक्षरांत खोडून काढा. घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. खेप चुकलीच तर त्याच दिवशी विभागात कळवावं, म्हणजे ती भरून काढता येते.

ट्रॉम्बे: शेवटी तीन रिकाम्या जागा ठेवा: भाग कोणता, एकूण ग्रे किती, खेपा किती. काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा किरण द्यायची वेळ आली तर नुसत्या ‘पंचवीस शेक झाले’वरून डॉक्टरांना मात्रा ठरवता येत नाही.