डिस्पोजलच्या एम-२० ची किक उलटी येते. टायमिंगचा लिव्हर काढून ऑटोमॅटिक बसवावं का?

सातारकर_एम२०

नमस्कार मंडळी. आजोबांची बीएसए एम-२० ही ब्रिटिश मोटरसायकल आहे, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. युद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये त्यांनी घेतलेली. वीस वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्यांखाली उभी होती. दिवाळीत बाहेर काढली, टाकी धुतली, टायर-ट्यूब बदलले आणि एका गॅरेजमध्ये टायमिंग (ठिणगी कधी पडायची ती वेळ) करायला दिली.

हँडलवर एक छोटा लिव्हर आहे. त्याची केबल खाली मॅग्नेटोला, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राला जाते. गाडी परत आली तेव्हा तो लिव्हर बारीक तारेने एका टोकाला बांधून टाकलेला होता. विचारलं तर म्हणाले, "आता हे कोणी वापरत नाही, फुल ॲडव्हान्सला ठेवलाय, गाडी पळेल." ॲडव्हान्स म्हणजे ठिणगी लवकर, रिटार्ड म्हणजे उशिरा, एवढं मला कळतं.

गेल्या रविवारी तिसऱ्या किकला पेडल असं उलटं आलं की घोटा टम्म सुजला. हाड मोडलेलं नाही, पण लंगडतोय. काकांच्या बुलेटला असा लिव्हर नाही, ती गाडी ॲडव्हान्स-रिटार्ड स्वतःच करते म्हणतात. ती हे कसं करते? आणि तसलं काही माझ्या एम-२० ला बसवता येईल का? आई म्हणते विकून टाक. मला विकायची नाही.

मिरजेचा मिस्त्री

आधी घोटा पूर्ण बरा होऊ द्या. तोवर किकला पाय लावू नका. आणि ती तार आजच कापा. लिव्हर फुल ॲडव्हान्सला बांधून किक मारायला देणं ही माझ्या मते गंभीर चूक आहे. गाडी नंतर पळेलही, पण सुरू करणाऱ्याच्या पायाचा विचार त्यात नाही.

हे नीट समजून घ्या, मग लिव्हर काढावासा वाटणार नाही. लहान मुलाला झोक्यावर बसवून तुम्ही मागून ढकलताय. झोका मागे येतो, क्षणभर थांबतो, पुढे निघतो. निघाल्या निघाल्या हात लावला तर झोका उंच जातो. तो अजून तुमच्याकडे येतोय तेव्हाच जोर लावलात तर तुमचंच मनगट दुखावतं. पिस्टनचंही तसंच. तो वर येतो, टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) थांबतो, खाली निघतो. स्फोटाचा सगळ्यात मोठा जोर तो खाली निघाल्यावर, टीडीसीनंतर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) साधारण १२ ते १५ अंश फिरल्यावर बसायला हवा.

अडचण अशी, की ठिणगी पडली म्हणजे लगेच जोर आला असं होत नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी आधी टाकावी लागते. इंजिन जोरात फिरत असेल तर बरीच आधी. तुम्ही किक मारता तेव्हा इंजिन जेमतेम हलत असतं. त्या वेळी फुल ॲडव्हान्स म्हणजे पिस्टन अजून वर येतोय आणि डोक्यावर स्फोट झालाय. तो उलटा फिरतो आणि सगळा जोर किकमधून तुमच्या पायात येतो. तुमची गाडी बिघडलेली नाही, तिला जसं बांधलं तशी ती वागली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९७१ साली मी सोळा वर्षांचा होतो, मिरजेत एका गॅरेजमध्ये शिकाऊ. डिसेंबरची सकाळ, डिस्पोजलचीच एक जीप, बॅटरी बसलेली. उस्तादांनी मला पुढून हँडल मारून इंजिन फिरवायला सांगितलं. मी अंगठा हँडलभोवती वळवून घट्ट धरलं. हँडल उलटं आलं आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. पाऊस लागला की अजून ठणकतं.

आणि त्या जीपला लिव्हर नव्हता बरं का. तिचं ॲडव्हान्स ऑटोमॅटिकच होतं. प्लास्टर निघाल्यावर उस्तादांनी मला बसवून तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, माझ्यासमोर उघडला. पॉइंट म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा स्विच, आणि कॅम म्हणजे त्याला उघडणारा उंचवटा. पॉइंटच्या पट्टीखाली दोन वजनं असतात, पिनांवर फिरणारी, आणि त्यांना आत खेचणाऱ्या दोन स्प्रिंगा. शाफ्ट जोरात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅमला फिरण्याच्या दिशेने थोडं पुढे ढकलतात. पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी लवकर पडते. वेग उतरला की स्प्रिंगा वजनं आत ओढतात. गुऱ्हाळावरच्या जुन्या इंजिनाच्या गव्हर्नरचे गोळे पाहिले असतील, तोच विचार. वॅटने वाफेच्या इंजिनाला १७८८ मध्ये लावला तोही हाच.

त्या जीपमध्ये एक स्प्रिंग तुटली होती, दुसरी ढिली पडली होती आणि पिनांवरचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. वजनं बाहेरच अडकून बसलेली. म्हणजे हँडल मारताना ती जीप तुमच्या आजच्या एम-२० सारखीच फुल ॲडव्हान्सला होती, फरक एवढाच की बाहेरून काही दिसत नव्हतं. तुमचा लिव्हर निदान डोळ्यांना दिसतो.

काकांच्या बुलेटमध्ये पॉइंटच्या प्लेटमागे अशीच वजनं आहेत. तिची किक कधी उलटी यायला लागली किंवा आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) आपोआप चढायला लागलं, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी त्या स्प्रिंगा बघायला सांगा.

आता एम-२०. किकच्या आधी लिव्हर रिटार्डला. इंजिन धरलं आणि चालायला लागलं की हळूहळू ॲडव्हान्सला. पण कुठली बाजू कुठली, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. काही गाड्यांत केबल ताणली की ॲडव्हान्स होतो, काहींत सैल सोडली की. मॅग्नेटोचं टोपण काढा, लिव्हर हलवा आणि आतली कॅम रिंग कुठे जाते ते बघा. आर्मेचर (मॅग्नेटोतली फिरणारी गुंडाळी) फिरतं त्याच्या उलट दिशेला रिंग गेली तर पॉइंट लवकर उघडणार, म्हणजे ॲडव्हान्स.

टायमिंग तुम्ही स्वतः तपासा. पॉइंटची गॅप १२ थाउ (इंचाचे हजारावे भाग). लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सला ठेवून, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर टीडीसीच्या खाली ७/१६ इंच असताना पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा. तो ज्या क्षणी सुटतो तो क्षण खरा.

डिअरबॉर्नहून

मिस्त्रीकाकांचं झोक्याचं उदाहरण वाचून लिहायला बसलो. मी मिशिगनला राहतो. इथल्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये फोर्डच्या जुन्या मॉडेल टी मधून फेरी मारतात. मी मुद्दाम चालकाशेजारी बसलो होतो.

स्टिअरिंगखाली दोन लिव्हर, उजवीकडचा थ्रॉटलचा आणि डावीकडचा ठिणगीचा. ठिणगीचा लिव्हर वर म्हणजे रिटार्ड, खाली म्हणजे ॲडव्हान्स. सुरू करताना तो वर होता आणि इंजिन धापा टाकल्यासारखं चाललं होतं. चालकाने तो खाली ओढला आणि आवाज एकदम मोकळा झाला. एका बोटाने इंजिनाचा श्वास सुटताना ऐकणं हा अनुभव मी विसरणार नाही. यंत्रणा साधी आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला टायमर, त्यात फिरणारा एक रोलर, लाकडी पेटीत चार कॉइल. लिव्हरची सळी टायमरचं कवच पुढे-मागे फिरवते, एवढंच. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या आणि प्रत्येक चालकाला हे हाताने करावं लागलं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही शिकवणही तेव्हाचीच.

त्याआधी डाइमलरच्या इंजिनांत तर ठिणगीच नव्हती. बर्नरवर लाल तापवलेली नळी असायची, मिश्रण दाबलं जाऊन तिच्यात शिरलं की पेटायचं. वेळ बदलायची सोयच नव्हती आणि इंजिनं सावकाश फिरायची, त्यामुळे चालून गेलं. ठिणगी कधी टाकायची हा प्रश्न वेग वाढल्यावर तीव्र झाला.

ऑटोमॅटिकची कल्पना मात्र फोर्ड व्ही-८ च्या कितीतरी आधीची. पहिल्या महायुद्धाच्या आधीच जर्मनीच्या आयझमान कंपनीचा मॅग्नेटो होता. त्यात वजनं बाहेर फेकली गेली की मळसूत्री खाचांवरून एक कॉलर सरकायचा आणि अख्खं आर्मेचरच पुढे वळायचं. तरी फोर्डने मॉडेल टी ला लिव्हर ठेवला, पुढच्या मॉडेल ए लाही ठेवला. १९३२ च्या व्ही-८ मध्ये तो गेला. मला वाटतं, स्वस्त गाडी आणि शेतावर दुरुस्त होणारी गाडी हाच त्यांचा हट्ट होता.

आयटीआयच्या_बाई

काका, आकड्यांची थोडी भर घालते, मुलांना हे मी फळ्यावर करून दाखवते. मिश्रण जळायला अंदाजे २ मिलिसेकंद धरा. इंजिन ६०० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला ३६०० अंश फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात साधारण ७ अंश. तेच ३००० आरपीएमला ३६ अंश. प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्वाला भरभर पसरते, म्हणून ॲडव्हान्स सरळ रेषेत वाढवत न्यावा लागत नाही. वजनं एका ठिकाणी अडणीला टेकून थांबतात ती त्यासाठीच.

दुसरी गोष्ट, वजनांना फक्त वेग कळतो, भार कळत नाही. थ्रॉटल थोडाच उघडा असेल तर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि हळू जळतं, त्याला आणखी ॲडव्हान्स लागतो. म्हणून १९३० च्या दशकात मोटारींच्या डिस्ट्रिब्युटरला पडद्याची डबी जोडली गेली. इनटेकमधला व्हॅक्यूम तो पडदा खेचतो आणि ॲडव्हान्स वाढवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम जातो आणि ॲडव्हान्स उतरतो.

मिरजेचा मिस्त्री

बाईंनी नेमकं सांगितलं. आणि म्हणूनच मी म्हणतो, त्या लिव्हरला कमी लेखू नका. वजनांना भार कळत नाही, तुमच्या कानाला कळतो. खंबाटकीच्या चढावर वेग पडलाय, थ्रॉटल पूर्ण उघडा आहे आणि इंजिन आतून टकटक ठोकायला लागलं, तर लिव्हर थोडा मागे घ्या. ठोकणं थांबतं. चढ संपला की पुन्हा पुढे. वजनांचं आणि पडद्याचं, दोन्ही कामं तुमचा अंगठा करतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. रिटार्डवरच विसरून गाडी हाणू नका. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्येही जळत राहतं, पाइप लाल होतो आणि साइड व्हॉल्व्हच्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह करपतो. असे दोन व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने बदललेत.

ऑटोमॅटिकच्या बाजूचीही एक खरी गोष्ट सांगतो. तुमच्या मॅग्नेटोत लिव्हर फक्त कॅम रिंग हलवतो, आर्मेचर जागच्या जागी. चुंबकाचा जोर आर्मेचरच्या एका ठरावीक जागेला सगळ्यात जास्त असतो आणि ती जागा ॲडव्हान्सला जुळवलेली असते. म्हणून पूर्ण रिटार्डला ठिणगी थोडी दुबळी पडते, नेमकी सुरू करताना. ल्यूकस कंपनीची ऑटोमॅटिक मॅग्नेटोच्या दातचाकात बसते आणि आयझमानसारखं अख्खं आर्मेचर वळवते, त्यामुळे ठिणगी सगळीकडे सारखी दणदणीत. बीएसएच्या पुढच्या ए-१० सारख्या जोड-सिलिंडर गाड्यांना ती आली. चांगली वस्तू आहे, मी अनेक बसवल्या.

पण तुमच्या गाडीला बसवायची तर फिरण्याची दिशा, दात आणि किती अंश वळते, तिन्ही जुळायला हवं. मॅग्नेटो इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा त्याचे १५ अंश म्हणजे क्रँकचे ३०, हा हिशोब चुकवणारे पुष्कळ. टायमिंग करताना वजनं बारीक लाकडी पाचर घालून पूर्ण बाहेर धरावी लागतात, नंतर ती पाचर आठवणीने काढायची. एवढं सगळं करण्यापेक्षा दुबळ्या ठिणगीवर सोपा उपाय आहे. अगदी टोकाच्या रिटार्डला किक मारू नका, त्याच्या किंचित अलीकडे ठेवून मारा. प्लगची गॅप १८ थाउ. आजोबांनीही याच लिव्हरवर गाडी चालवली असणार.

सातारकर_एम२०

काका, घोटा आता पूर्ण उतरलाय. काल तार कापली, टोपण काढलं. लिव्हर हलत होता पण कॅम रिंग जागची हलतच नव्हती, वाळलेलं ग्रीस आणि गंज. ती ॲडव्हान्सलाच चिकटली होती, म्हणजे तार नसती तरी किक उलटीच आली असती. रॉकेलने धुतली, पुसली, आता केबल सोडली की स्वतःहून परत येते. माझ्या गाडीत केबल ताणली की रिटार्ड होतो. कागद लावून बघितलं तर टायमिंगही पुढे गेलेलं होतं, ७/१६ ऐवजी जवळजवळ अर्धा इंच. ते लावून घेतलं.

आज सकाळी लिव्हर रिटार्डच्या किंचित अलीकडे ठेवून किक मारली. दुसऱ्या किकला धरली. आधी डबडब आवाज, मग लिव्हर पुढे नेला आणि डिअरबॉर्नच्या दादांनी लिहिलंय तसाच आवाज मोकळा झाला. आई ओट्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, तुझे आजोबा यायचे तेव्हा वळणावरून असाच आवाज यायचा.

लिव्हर काढणार नाही.

मिरजेचा मिस्त्री

छान झालं. कॅम रिंगला आता ग्रीस थापू नका, पातळ तेलाचा बोटभर हात पुरे. पॉइंटवर तेल जाऊ देऊ नका. केबल ताणल्यावर रिटार्ड होतो म्हणालात, म्हणजे ती केबल तुटली तर गाडी आपोआप फुल ॲडव्हान्सला जाणार. तेव्हा दोन्ही टोकांच्या निपलजवळची तार उसवलीय का ते दर महिन्याला बघा आणि एक जादा केबल सीटखाली ठेवा.