पॅटर्नमेकरच्या कामाला मुंबईत रास्त पगार का मिळत नाही?

(चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

आकसपट्टी

माझा पुतण्या आयटीआयमधून मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडला आहे. वसईच्या एका गाळ्यात धातूचे आणि प्लॅस्टिकचे पॅटर्न बनवण्याच्या कामासाठी त्याला महिना १६ हजार रुपये देऊ केले आहेत. मी स्वतः लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये २६ वर्षे काढली आहेत, आणि हा आकडा ऐकून मला मनापासून वाईट वाटले. माझ्या मते या कामाला पहिल्या दिवसापासून २५ हजार तरी मिळावेत.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्नभोवती (हव्या असलेल्या भागाच्या नमुन्याभोवती) वाळू दाबून साचा घेतात, पॅटर्न काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना लांबीत सुमारे १ टक्का आकसते, म्हणून ५०० मिलिमीटरच्या कास्टिंगसाठी, म्हणजे ओतून काढलेल्या भागासाठी, पॅटर्न ५०५ चा करावा लागतो. तो पॅटर्न ॲल्युमिनियमचा हवा असेल आणि आधी लाकडी मास्टर (मूळ नमुना) करून त्यावरून ओतायचा असेल, तर ॲल्युमिनियमचे स्वतःचे सुमारे १.३ टक्के आकसणेही धरून मास्टर जवळपास ५११.५ चा धरावा लागतो. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून द्यायचा टेपर (उतार) आणि मशीनिंगसाठी ठेवायचे मटेरियल हे त्याखेरीज. यात झालेली एक चूक त्या पॅटर्नवर निघणाऱ्या प्रत्येक कास्टिंगमध्ये उमटते.

एवढी जोखीम पेलणारा माणूस किमान वेतनाच्या तक्त्यात मात्र कुशल, अर्धकुशल आणि अकुशल या तीन वर्गांपैकी ‘कुशल’ या एकाच रकान्यात जातो, आणि गाळेवाले त्या रकान्याच्या फारसे वर सरकत नाहीत. पगार कमी आहे तो हे कौशल्य निरुपयोगी झाल्यामुळे नव्हे, तर कोटेशनमध्ये त्याची किंमतच लावली जात नाही म्हणून, असे माझे ठाम मत आहे. ॲल्युमिनियमचे वजन आणि मशीनचे तास मोजले जातात. ते मशीन काय कापणार हे ठरवणाऱ्याचा विचार कोणी मोजत नाही.

रबाळेकर

काका, आपल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर बाळगून मी असहमती नोंदवतो. आज ग्राहक त्रिमितीय मॉडेल पाठवतो, संगणकावर आकुंचनाचा गुणक दिला जातो आणि व्हीएमसी (संगणकाच्या सूचनेनुसार धातू कापणारे मशीन) ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून थेट पॅटर्न कापते. मधला लाकडी मास्टरच गेल्यामुळे ५११.५ चे गणितही गेले. नग थोडे असतील तर पॉलियुरेथेनच्या बोर्डावर काम भागते, आणि एकदोनच कास्टिंग हवी असतील तर वाळूचा साचाच थ्रीडी प्रिंटरवर थेट छापता येतो. तिथे पॅटर्नची गरजच उरत नाही.

अमेरिकेच्या सरकारी श्रम सांख्यिकीत धातू आणि प्लॅस्टिकच्या पॅटर्नमेकरांची स्वतंत्र वर्गवारी आहे, तरी एवढ्या मोठ्या देशात त्या नोकऱ्या अगदी मोजक्याच भरतात. पुतण्याला मशिनिंगचा पाया मिळालेला आहे, तेव्हा त्याने कॅम प्रोग्रामिंग (मशीनने कसे कापायचे ते संगणकावर आखणे) शिकून प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डकडे किंवा प्रेशर डाय कास्टिंगच्या डायकडे, म्हणजे धातूच्या कायमस्वरूपी साच्यांकडे, वळावे. तिथे त्याला दहा दारे उघडी राहतील. पॅटर्नच्या गाळ्यात एकच.

आकसपट्टी

मास्टरबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि मी ते मान्य करतो. परंतु संगणकावर दिलेला एक गुणक सगळीकडे सारखा लागू होतो, कास्टिंग मात्र सगळीकडे सारखे आकसत नाही. आत मोठा कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) असेल तर तो धातूला अडवतो आणि तिथले आकसणे कमी भरते. लेथच्या बेडसारखे लांब कास्टिंग जाड आणि पातळ भाग कमीजास्त वेगाने थंड झाल्यामुळे वाकते, म्हणून पॅटर्नला आधीच उलट बाक द्यावा लागतो. तो किती द्यायचा, हे ग्राहकाच्या मॉडेलमध्ये लिहिलेले नसते. फाउंड्रीत उभे राहून आधीची कास्टिंग मापल्याशिवाय ते कळत नाही, आणि व्हीएमसी तर दिलेली चूकसुद्धा तितक्याच अचूकपणे कापते.

गाळा क्रमांक ९

माझा वसईतच पॅटर्नचा गाळा आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. पॅटर्नचे पैसे एकदाच मिळतात. त्यावर पुढे हजारो कास्टिंग निघाली तरी आम्हाला त्यातला एक रुपया येत नाही. ग्राहक आमचे कोटेशन कोल्हापूर आणि राजकोटच्या दराशेजारी ठेवतो, आणि तिथल्या फाउंड्रीवाल्यांना दारातच पॅटर्नवाला मिळतो. आमच्या आसपासच्या फाउंड्र्या मात्र कुर्ला-भांडुपच्या पट्ट्यातून उठून अंबरनाथ, तळोजा आणि त्याही पलीकडे गेल्या. त्यांच्या जागी आज टॉवर उभे आहेत. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे असा कायदा २००६ पासून आहे, तरी मला तीनतीन महिने थांबावे लागते आणि व्हीएमसीचा हप्ता तर थांबत नाही.

दोन वर्षे खपून तयार केलेला मुलगा दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून मोल्डच्या वर्कशॉपमध्ये जातो, हा अनुभव मी तीनदा घेतला आहे. त्या मुलांना मी दोष देत नाही. पण चौथ्या मुलाला पहिल्या दिवसापासून २५ हजार कुठून द्यायचे, हे काकांनी सांगावे.

शिल्पनिदेशिका

मी आयटीआयमध्ये शिकवते. या चर्चेत सगळे जण महिन्याच्या आकड्यावर बोलत आहेत, परंतु माझे विद्यार्थी मला वेगळाच प्रश्न विचारतात: ‘मॅडम, पीएफ कापतात का?’ भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० कामगारांपासून आणि आजारपण-अपघातासाठीचा कर्मचारी राज्य विमा १० कामगारांपासून सक्तीचा होतो. पॅटर्नचा गाळा सहासात माणसांचा असल्यामुळे त्यातला पॅटर्नमेकर दोन्हींच्या बाहेर राहतो. पाठ धरली किंवा बोट मशीनमध्ये सापडले, तर त्याच्या मागे राज्य विम्याचा आधार नसतो. मोठ्या डायच्या कारखान्यात तेवढाच पगार असला तरी मुले तिकडे जातात, याचे कारण मला यातच दिसते.

२० पेक्षा कमी कामगार असतानाही मालक आणि बहुसंख्य कामगार एकत्र येऊन भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने सहभागी होऊ शकतात. गाळा क्रमांक ९ यांनी याचा विचार केला आहे का?

रबाळेकर

मॅडमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. पीएफ मिळाला तरी धंद्याचा आकार वाढत नाही, त्यामुळे माझे मत कायम आहे. काकांचे बाक देण्याचे ज्ञान मोलाचे आहे हे मात्र मी मान्य करतो. ते लिहून ठेवले गेले पाहिजे.

आकसपट्टी

लिहून ठेवण्याला माझी तयारी आहे, परंतु ते वापरणारा माणूस कोणीतरी सांभाळला पाहिजे. गाळा क्रमांक ९, आपली अडचण मला समजते, आणि २५ हजारांचा आग्रह मी सोडतो. मुलाला अर्धा दिवस व्हीएमसीवर आणि अर्धा दिवस बेंचवर (हातकामावर) ठेवावे, महिन्यातून दोनदा फाउंड्रीत कास्टिंग मापायला पाठवावे, आणि पीएफ सुरू करावा. एवढे आपण लिहून देत असाल, तर मी त्याला १६ हजारांवरही आपल्याकडे पाठवीन.

गाळा क्रमांक ९

पहिल्या दोन गोष्टी मी आजच लिहून देतो. पीएफचा हिशेब रात्री मांडला. २० पेक्षा कमी कामगार असल्यामुळे १५ हजारांवर माझा १० टक्के वाटा माणशी १,५०० रुपये होतो, म्हणजे सात जणांचे महिना १०,५०० रुपये. वरचा प्रशासकीय खर्च वेगळा. हे पैसे पुढच्या कोटेशनमध्ये पॅटर्नच्या आखणीचा खर्च म्हणून स्वतंत्र ओळीत लावून पाहणार आहे. ग्राहकाने ती ओळ खोडली नाही आणि आमच्या सातांपैकी चौघे तयार झाले, तर मी अर्ज करतो. मुलाला सोमवारी पाठवा, सोबत आपणही या.