शब्दचर्चा : ‘पार्श्वभूमी किरणोत्सर्ग’ की ‘अवशिष्ट प्रारण’?

प्रश्न (चाळीसगाव)

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी मी विश्वाच्या आरंभकाळातून आजवर उरलेल्या मंद प्रारणावर भित्तिपत्रक तयार करीत आहे. मराठी लेखनात या एकाच गोष्टीला ‘वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण’, ‘पार्श्वभूमी किरणोत्सर्ग’, ‘ब्रह्मांडीय विकिरण’ आणि ‘अवशेष प्रारण’ अशी निरनिराळी नावे दिलेली आढळतात. कच्च्या मसुद्यात मी ‘किरणोत्सर्ग’ लिहिले होते. ते वाचून आठवीतल्या एका मुलीने ‘बाई, मग त्याने आजार होतो का?’ असे विचारले. यांपैकी कोणता शब्द अर्थाला धरून आहे आणि तो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (जळगाव)

ताई, त्या मुलीच्या प्रश्नानेच पहिल्या शब्दाचा निकाल लावला आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द अणुभट्टी, युरेनियम आणि रेडियम यांच्याशी जोडलेला आहे, आणि शास्त्रीय परिभाषेतही तो अस्थिर अणुकेंद्रकातून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांसाठीच राखलेला आहे. आपल्या विषयाचा अणुकेंद्रकाच्या क्षयाशी काही संबंध नाही. हा तापलेल्या वायूतून निघालेला, म्हणजे औष्णिक स्वरूपाचा, प्रकाश आहे. उष्णतेच्या पाठात ‘वहन, अभिसरण आणि प्रारण’ ही त्रयी मुलांनी शिकलेली असते. त्यांतले ‘प्रारण’ हेच इथे नेमके लागू पडते, आणि तो शब्द मुलांच्या हाताशी आधीपासून आहे.

‘विकिरण’ हा शब्द हिंदीतून येतो. हिंदीत तो योग्यच आहे, परंतु आपल्या शालेय पुस्तकांत ‘प्रकाशाचे विकिरण’ म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, ज्यामुळे आकाश निळे दिसते. या विषयात ही गफलत विशेष अडचणीची ठरते, कारण इथे दोन्ही कल्पना एकाच वाक्यात लागतात. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत विश्वातील पदार्थ इतका तप्त होता, की इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकांपासून सुटे राहत आणि प्रकाशाचा प्रत्येक कण त्यांच्यावर आदळून पुन्हा पुन्हा विखुरला जाई. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरल्यावर इलेक्ट्रॉन आणि केंद्रके यांचे उदासीन अणू बनले, विश्व पारदर्शक झाले आणि त्या वेळी शेवटचे विखुरलेले प्रारण तेव्हापासून जवळजवळ निर्वेध प्रवास करीत आहे. आता हीच गोष्ट ‘विकिरणाचे शेवटचे विकिरण’ अशी लिहून पाहावी, म्हणजे दोन शब्द वेगळे का ठेवायचे ते लगेच कळते.

‘वैश्विक’बद्दलही माझा आक्षेप आहे. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे, पण ‘वैश्विक तापमानवाढ’ आणि ‘वैश्विक महामारी’ यांच्या रोजच्या वापरामुळे त्याचा अर्थ ‘जगभरचा’, म्हणजे पृथ्वीपुरता, होऊन बसला आहे. त्याऐवजी ‘विश्वीय’ लिहावे. मात्र ‘विश्वकिरण’ या रूढ शब्दाशी त्याची सरमिसळ होऊ देऊ नये. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून अतिवेगाने येणारे, मुख्यतः प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण होत. ते प्रकाश नव्हेत.

राहिले ‘पार्श्वभूमी’ आणि ‘अवशिष्ट’. माझा कल दुसऱ्याकडे आहे. ‘पार्श्वभूमी’ म्हटले की पुढे काहीतरी मुख्य चालले आहे आणि हे मागचे दुय्यम आहे, असा भाव येतो. वास्तविक विश्वातील प्रकाशकणांची मोजदाद केली, तर त्यांतील फार मोठा वाटा याच प्रारणाचा भरतो. अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये त्याचे सुमारे ४११ कण असतात. रशियन भाषेतही या प्रारणाला ‘उरलेले’ याच अर्थाचे विशेषण रूढ आहे.

प्रतिसाद (भुसावळ)

मी रेल्वेच्या दूरसंचार विभागातून निवृत्त झालो आहे आणि ‘पार्श्वभूमी’ची बाजू मांडू इच्छितो. हा शब्द दुय्यमपणा दाखवण्यासाठी आलेला नाही. आमच्या क्षेत्रात त्याला ठरलेला अर्थ आहे. हवा असलेला संदेश वगळल्यावर ग्राहकयंत्रात जी खरखर उरते, ती पार्श्वभूमी. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे भोंग्याच्या आकाराच्या मोठ्या अँटेनावर ७.३५ सेंटीमीटर तरंगलांबीला काम करीत होते. त्यांनी अँटेनाचा, वातावरणाचा आणि यंत्राचा असा प्रत्येक वाटा हिशेबातून वजा केला, अँटेनाचे सांधे तपासले, भोंग्यात घर केलेली कबुतरे हटवली आणि त्यांची विष्ठाही साफ केली. तरीही सुमारे ३.५ केल्विनइतकी खरखर (आम्ही खरखरीची तीव्रता तापमानाच्या एककात सांगतो) शिल्लक राहिली, आणि अँटेना कोणत्याही दिशेला वळवली व कोणत्याही ऋतूत मोजणी केली, तरी ती तेवढीच भरली. १९६५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लहानशा लेखाच्या शीर्षकात विश्वाचा उल्लेखही नव्हता. अँटेनाच्या अतिरिक्त तापमानाचे मापन एवढेच ते म्हणत होते. त्याचा विश्वशास्त्रीय अर्थ प्रिन्स्टन येथील रॉबर्ट डिकी आणि सहकाऱ्यांनी शेजारच्याच लेखात मांडला. पेन्झियस आणि विल्सन यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘पार्श्वभूमी’ या शब्दात या सगळ्या काटेकोर वजाबाकीचा इतिहास आहे आणि तो पुसला जाऊ नये, असे मला वाटते.

प्रतिसाद (रावेर)

दोन्ही संस्कृत शब्दांपेक्षा घरचा शब्द का घेऊ नये? भरीतपार्टी आटोपल्यावर काड्यांच्या विझलेल्या जाळाजवळ रात्री उशिरापर्यंत ‘धग’ जाणवते. ‘आद्य धग’ किंवा ‘विश्वाची धग’ म्हटले, तर शेतात काम करणाऱ्या माणसालाही ती ताबडतोब कळेल.

उत्तर (जळगाव)

रावेरच्या दादांचा शब्द मला मनापासून आवडला. उष्णता मागे उरते आणि काळाबरोबर उतरत जाते, हा अर्धा अर्थ तो उत्तम सांगतो. उरलेल्या अर्ध्या अर्थासाठी मात्र तो दिशाभूल करतो. धगीला एक जागा असते. तिच्याजवळ गेल्यावर ती वाढते आणि पाठ फिरवली की पाठीला लागते. या प्रारणाला अशी जागाच नाही, कारण ते विश्वातील एका ठिकाणाहून निघालेले नसून त्या काळी सर्व ठिकाणांहून निघालेले आहे, आणि म्हणून आज ते सर्व दिशांनी सारखेच येते. १९८९ साली सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाने त्याचे तापमान सुमारे २.७३ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्याही किंचित खाली, असल्याचे दाखवले. सूर्यमालेच्या गतीमुळे एका बाजूला भासणारा किंचित जादा ऊबदारपणा वजा केल्यावर दिशादिशांतला जो फरक १९९२ साली जाहीर झाला, तो लाखात एक भाग इतकाच होता. त्याच फरकांतून पुढे आकाशगंगा घडल्या, आणि या कामासाठी जॉन मॅथर व जॉर्ज स्मूट यांना २००६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ‘धग’ समजावून सांगताना जरूर वापरावी, पण संज्ञा म्हणून ती घेतल्यास ‘मग तो जाळ होता कुठे?’ असा प्रश्न येईल. ‘महास्फोट’ या शब्दाने आधीच तो घोटाळा पुरेसा करून ठेवला आहे.

भुसावळच्या सरांचे म्हणणे मला पटते, आणि त्यांच्याच वाक्यात ‘शिल्लक’ हा शब्द आला आहे, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. शेष, अवशेष आणि अवशिष्ट हे तिन्ही एकाच धातूचे शब्द आहेत. वजाबाकीनंतर उरतो तोही शेषच. त्यामुळे ‘अवशिष्ट’ म्हणताना आरंभकाळाचे उरलेले आणि अँटेनाच्या हिशेबात उरलेले असे दोन्ही अर्थ साधतात. ‘अवशेष प्रारण’ मात्र टाळावे. ‘अवशेष’ हे नाम आहे, त्याने पडक्या वाड्याचे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि इथे आपल्याला विशेषण हवे आहे.

संस्कृत की देशी, या वादासाठी चाळीसगावच्याच परिसरातील एक दाखला देतो. पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यातील वंशाची आणि विद्येची थोरवी संस्कृत श्लोकांत आहे, तर ज्या भागात व्यापाऱ्यांनी मठाला काय द्यायचे हे सांगितले आहे, तो मराठीत आहे. ज्याला जे कळणे आवश्यक, त्याला ते त्याच्या भाषेत सांगण्याची ही रीत आपणही पाळावी : भित्तिपत्रकाच्या मथळ्यात ‘विश्वीय अवशिष्ट प्रारण’ ही संज्ञा द्यावी आणि खालच्या मजकुरात ‘विश्व तरुण असतानाचा, आता फार थंडावलेला प्रकाश’ असे मोकळेपणाने लिहावे.

प्रश्नकर्ती (चाळीसगाव)

मथळा तसाच ठेवते. ‘सूक्ष्मतरंग’ हा शब्द मजकुरात ठेवावा का?

उत्तर (जळगाव)

ठेवावा, परंतु सोबत खुलासा अवश्य द्यावा. हे तरंग रेडिओतरंगांच्या मानाने आखूड म्हणून ‘सूक्ष्म’ ठरले. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या मानाने ते हजारो पटींनी लांब आहेत. निघताना या प्रारणाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास होती. तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावले, त्याबरोबर तरंगही तितकेच ताणले गेले, आणि म्हणून ते आज मिलिमीटरच्या घरात आढळतात. खुलासा दिला नाही, तर प्रसरणाने लांबलेल्या तरंगांना आपण ‘सूक्ष्म’ का म्हणतो, हा प्रश्न तीच आठवीतली मुलगी विचारील, आणि तो रास्तच असेल.